‘चालेल’चा कर्ता

‘चालेल’ या क्रियापदाचा कर्ता कोण? एका वृद्ध कंपाउंडरने विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, आजही येत नाही. ‘गाडी चालेल’ म्हटले तर चालणारी गाडी असते. ‘चहा चालेल?’ ‘चालेल’ या संवादात चहाही चालत नाही आणि पिणाराही. कोणाच्याही नावावर न चढता काहीतरी पुढे सरकते, एवढेच. युद्धकाळातील चौकशीच्या खोल्यांवर जे लिहिले गेले आहे त्यात हत्यारांची वर्णने पुष्कळ सापडतात. या शब्दाची हकीकत मात्र कुठे आढळली नाही.

कंपाउंडर बावीस वर्षे एकाच दवाखान्यात होता. लाकडी खिडकीआड उभे राहून बाटलीत लाल औषध ओतायचे, डोसाच्या खुणांसाठी कातरलेली कागदी पट्टी बाटलीवर चिकटवायची, पुड्या बांधायच्या. स्वभावाने गरीब गाय. आमटी खारट झाली तरी चालेल, सदरा आखूड झाला तरी चालेल. बायको चारचौघांत म्हणे, “यांना सगळं चालतं. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हासुद्धा हेच. ‘आवडली’ नाही हो, ‘चालेल’!” लोक हसत. तोही हसे.

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी डॉक्टरांना आघाडीवर नेले आणि कंपाउंडर एकटाच पडसे-खोकल्याच्या पुड्या बांधत राहिला. एका सकाळी जीप आली. शिवणकामाच्या शाळेत त्याला बोलावणे होते.

शाळा लष्कराने ताब्यात घेतली होती. शिलाईयंत्रे भिंतीला सारून वर चादरी टाकलेल्या. कापडी धडाचे बिनमुंडक्याचे पुतळे व्हरांड्यात रांगेने उभे. वर्गाच्या भिंतीवर तेलरंगात ठळक अक्षरे – ‘आधी माप, मग कात्री’. चौकशीचे प्रमुख असलेले साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली.

“आपण काही रानटी नाही,” ते म्हणाले. “चौकशीच्या खोलीत वैद्यकीय माणूस हवाच. डॉक्टर नाहीत, तर तुम्ही. नाडी बघायची, दाब बघायचा आणि एक शब्द सांगायचा. चालेल, नाहीतर थांबा. बाकी डोक्याला ताप नाही.”

“साहेब, मी साधा कंपाउंडर.”

“मग शब्दही साधाच आहे.”

अशी खोली जगापासून तुटलेली असते, असा एक समज आहे. ही तर अर्धी कचेरी होती आणि अर्धे घर. काम दहा ते पाच चाले. दुपारी कापड बेतायच्या लांब टेबलावर डबे उघडत, एकमेकांची भाजी चाखली जाई. प्रश्न विचारणारे दोघे. जाड्याला ‘मामा’ म्हणत, किडकिडीत होता त्याला ‘काका’. कैद्यानेही त्यांना तसेच म्हणायचे असा दंडक होता. कोणी चुकून ‘साहेब’ म्हणाला की त्याची जीभ आधी वळवली जाई. ज्याला मामा म्हटले त्याचा मार परक्याचा उरत नाही. तो शिस्तीचा होतो, भाच्याच्या भल्याचा होतो. बाकीचे शब्द त्यांनी त्या वास्तूतूनच उचलले. पहिला दिवस ‘मापा’चा, दुसरा ‘ट्रायल’चा, आणि माणूस बोलू लागला की तो ‘उसवला’.

“काय मामा, उसवतोय का?”

“काकांचा टाका पक्का आहे. जेवण होईल तोवर.”

कंपाउंडर सुरुवातीला फरशीकडे पाहत राही. महिन्याभराने अशाच एका विनोदावर आपल्याला हसू आल्याचे त्याच्या लक्षात आले.

‘थांबा’ तो एकूण तीनदा म्हणाला. तिन्ही वेळा काम खरोखर थांबले. कैद्याला घोंगडी मिळाली, साखरपाणी मिळाले, आणि सकाळी त्याला पुन्हा मापाला बसवण्यात आले. खंड पडलेली चौकशी बाद, नव्याने सुरुवात, असा साहेबांचा नियम होता. “अर्धवट माप घेऊन कोणी कापड कापतं का?” ते विचारत. बुधवारी सुटला असता असा माणूस त्या एका दयाळू शब्दामुळे पुढच्या बुधवारपर्यंत तिथेच राहिला. चौथ्या वेळी कंपाउंडर ‘चालेल’ म्हणाला. त्यानंतर तो दुसरा शब्द त्याच्या तोंडात राहिलाच नाही.

मग घड्याळजीला आणले. दवाखान्यासमोरच त्याचे दुकान. दवाखान्यातले भिंतीवरचे घड्याळ तोच दरवर्षी साफ करी आणि बदल्यात खोकल्याची बाटली नेई. त्याने विकलेल्या स्प्रिंगा सुरुंगात सापडल्या होत्या; गिऱ्हाइकाचे नाव हवे होते. “स्प्रिंग कशाला हवी असं मी कुणाला विचारत नाही, मामा,” एवढेच तो सांगत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी कंपाउंडरने त्याचे मनगट धरले. दोन ठोके, खाडा. दोन ठोके, खाडा. डॉक्टरांचे असे रोगी त्याने पाहिले होते.

“कंपाउंडर,” घड्याळजी पुटपुटला, “ठोका चुकतोय ना? मला कळतं ते. पण थांबा म्हणू नका. पुन्हा पहिल्यापासून नको.”

“काय खलबतं चाललीत?” मामा म्हणाला. “आणि कंपाउंडर, हल्ली तुमचंही माप घ्यावं असं काका म्हणत होते. थट्टा हो! बोला, काय ते बोला.”

“चालेल,” कंपाउंडर म्हणाला.

तेव्हा तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. चारला दहा कमी असताना घड्याळजी गेला. कागदावर हृदयविकार लिहिले गेले.

तो शब्द दयेने आला की धाकाने, हे कंपाउंडरला त्या दिवशी कळले नाही. दया आणि धाक यांनी एकच शब्द वापरला होता. तेवढे एक कळावे, ही त्याच्या उरलेल्या आयुष्याची गरज झाली.

युद्ध संपल्यावर अशा खोल्यांत काय झाले ते तपासायला समिती बसली. कंपाउंडरने धीर करून साक्ष दिली: त्या खोलीत माणूस जे बोलतो ते खरे नसते, दुखणे थांबावे म्हणून तो काहीही बोलतो. या साक्षीवर सतरा जणांचे कबुलीजबाब रद्द झाले आणि ते सुटले. मग साहेबांचे वकील उठले. आपल्या अशिलाने प्रत्येक टप्प्यावर वैद्यकीय संमती घेतली होती, असे त्यांनी मांडले. साहेब निर्दोष ठरले. कंपाउंडरची पाळी आली तेव्हा समितीने नियम काढून पाहिले. कंपाउंडरला वैद्यकीय मत देण्याचा अधिकारच नव्हता. जे मत नव्हतेच त्याचा दोष कोणाला लावणार? तोही सुटला. साहेबांपुरता तो शब्द वैद्यकीय होता, कंपाउंडरपुरता नव्हता. दोघे एकाच जिन्याने खाली उतरले.

सुटका झाली तरी जीव सुटेना. निवाडा करू शकेल असे एकच माणूस उरले होते. एका दुपारी तो रस्ता ओलांडून घड्याळजीच्या दुकानात गेला. दुकान आता घड्याळजीची बायको चालवत होती. डोळ्याला भिंग लावून ती एका मनगटी घड्याळावर वाकली होती.

“वहिनी, एक सांगायचं राहिलंय,” तो म्हणाला आणि त्याने सगळे सांगितले. मनगट, खाडे, ते वाक्य. “तेच म्हणाले, थांबवू नका. मी त्यांचं ऐकलं. चुकलो का?”

तिने भिंग काढले.

“समितीपुढे तुम्ही काय सांगितलंत भावजी? मी मागच्या बाकावर होते.”

“तिथं बोललेलं खरं धरू नये, असं.”

“सतरा जणांचं बोलणं खोटं ठरवून त्यांना सोडवलंत. चांगलं केलंत. मग अठराव्याचं तेवढंच खरं कसं?”

“पण ते खरंच म्हणाले हो.”

“म्हणाले असतील. हात कुणाच्या हातात होता? ठोका कुणी मोजला?” तिचा आवाज चढला नाही. “माझ्या माणसाच्या तोंडात तुमचा शब्द घालू नका. त्याला तिथं बोलायला लावणारे दोघं होते. तुम्ही तिसरे होऊ नका.”

आणि तिने भिंग पुन्हा डोळ्याला लावले.

त्या संध्याकाळी बायकोने विचारले, “सकाळचंच गरम करते, चालेल ना?” त्याने पाट मांडला. मग म्हणाला, “हो.”

“अगबाई! म्हातारपणी का होईना, ‘हो’ म्हणायला शिकले.”

“हो म्हटलं की कोणीतरी म्हटलेलं असतं,” तो म्हणाला. तिला हे कळले नाही; ती चूल पेटवायला उठली. नंतरच्या वर्षांत तो ‘हो’ म्हणे किंवा ‘नको’ म्हणे. तो शब्द त्याने फक्त एकदा उच्चारला, कर्त्याबद्दलचा प्रश्न विचारताना.

समितीची एक शिफारस सरकारने मान्य केली. १९८४ सालच्या दुरुस्तीपासून चौकशीच्या खोलीत कंपाउंडर चालत नाही. नोंदणीकृत डॉक्टर लागतो.