पांढऱ्या रेघेसमोर पांढरी रेघ

वहिनीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. स्वयंपाक, आईचं औषध, अंथरुणाला खिळलेल्या दादाची अंघोळ. मग आम्ही दोघं कामावर. काम रेडिओ दुर्बिणीवर. वहिनी शिडीने वर चढायची, मी खाली अवजारांचा दोर धरायचो. वर चढणाऱ्याला पगार जास्त. घर त्यावरच चालायचं.

त्या महिन्यात दुर्बीण एका दूरच्या दीर्घिकेवर लावली होती. तिच्या गाभ्यातून तापलेल्या वायूचा झोत सुटतो. त्यात चुंबकीय क्षेत्राची दिशा कोणती, हे येणाऱ्या लहरींच्या कलावरून कळतं, असं शास्त्रज्ञ बाईंनी आम्हाला समजावलं होतं. लहरी पकडणारी पेटी काटकोनात फिरून बसली, तर दिशाही तेवढीच चुकणार. म्हणून पेटीवर एक पांढरी रेघ, ती ज्यात बसते त्या लोखंडी कड्यावर एक. समोरासमोर आणायच्या, मगच नट आवळायचे.

त्या सकाळी वहिनी पेटी पुसून, बसवून खाली आली. दुर्बीण वळली, निरीक्षण सुरू झालं. जेवायला बसलो, तर तिचा घास हातातच.

"काय झालं, वहिनी?"

"भाऊजी, रेघ जुळली की नाही, सांगता येत नाही."

"बघितली ना?"

"बघितली. आधी दोन दिसल्या, मग तीन." ती कुजबुजली. "हल्ली असंच होतं. परवा तुमच्या दादांच्या चहात मीठ घातलं."

"बोलला नाही तो?"

"सगळा प्यायले."

"घाबरतो तुम्हाला."

ती हसली नाही. डोळ्यांचं कळलं तर वरचं काम जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी काही सुचवलं नाही. तिने डब्याचं झाकण लावलं आणि नियंत्रण कक्षाकडे निघाली. मी मागोमाग.

मुकादम दारातच होता. "काय गं, तारे मोजायला आलीस?"

"पेटी नीट बसली याची खात्री नाही. मला रेघ स्पष्ट दिसली नाही."

"दिसत नाही, तर चढलीस कशाला?"

आत बसलेल्या शास्त्रज्ञ बाईंनी ते ऐकलं आणि दुर्बीण दुसरीकडे वळवली. ज्याच्या लहरींचा कल आधीच ठाऊक आहे, अशा स्रोताकडे. वहिनी भिंतीला न टेकता उभी राहिली. नखांतलं ग्रीस खरवडत होती. बोट लाल झालं तरी थांबेना.

"फिरलेली आहे," बाई म्हणाल्या. "हिशोबात दुरुस्त करता येईल. पण कळलं नसतं, तर सगळं चुकीचंच छापलं असतं."

मुकादम म्हणाला, "डोळे बरे करून ये. मग बघू."

दुसऱ्या दिवसापासून मी वर, ती खाली. दोर मात्र तिने एकदाही सैल सोडला नाही.

वरच्या कामाच्या पगारातून तिने घराच्या छपराच्या दुरुस्तीसाठी पैसे बाजूला टाकले होते. त्यातून मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा तिने आधी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला.

"ग्रीस अजून आहे," म्हणाली.

छप्पर गळतंच आहे.