मोठ्यानं सांगा, भाऊ

"मोठ्यानं सांगा, भाऊ. आपल्या इथं चोरून काही घेत नाही."

असं म्हणून आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचे बडे बाबू चष्मा कपाळावर चढवत आणि दान घेऊन आलेल्याला थेट रोग्यांच्या रांगेसमोर उभं करत. नाव काय, वस्तू कोणती आणि दवाखान्यात तुमचं काय काम अडकलंय, ही तीन उत्तरं सगळ्यांदेखत द्यायची. मग ती फळ्यावर चढत. काम अडकलेल्याचं दान परत! कोणी पंख्याच्या पात्यांवर स्वतःचं नाव रंगवून आणलं, की विचारत, "फिरल्यावर वाचणार कोण हो?"

आम्हा रांगेतल्यांना हा फुकटचा तमाशा. तुम्हीही ताप नसताना आला असता!

एका मे महिन्यात माझी बायको तिथंच बाळंत झाली. वॉर्डाची नुसती भट्टी. बाळाच्या अंगावर लालभडक पुरळ. त्याच दुपारी यवतमाळचा एक ठेकेदार टेम्पोतून नवाकोरा कूलर घेऊन आला. मी नाचायचाच बाकी होतो.

"काम?" बाबूंनी विचारलं.

"काम कायचं? सेवा आहे."

रांगेतली एक म्हातारी कडाडली, "अन् जेवणाच्या ठेक्यासाठी रोज कोन येऊन राह्यलं? तुहं भूत?"

रांग खदखदली. टेम्पो वळला. माझं मात्र डोकं फिरलं.

"बाबूजी, लेकरू भाजून राह्यलं माह्यं! कायले पाह्यजे हे नियम?"

"उद्या त्यानं रोग्यांना पाण्यासारखं वरण वाढलं, तर मी कोणत्या तोंडानं बोलू, भाऊ?"

मी तरातरा घरी गेलो आणि आमचाच कूलर हातगाडीवर घालून आणला. वाटलं, आता तरी सुटलो. कसलं काय!

"काम?"

"बायको आत आहे न! तुमाले माहीत नाही काय?"

"मोठ्यानं."

बोंबललो. रांगेनं टाळ्या पिटल्या.

"एका खाटेसाठी, का समद्यांसाठी?"

"...समद्यांसाठी."

"मग चालते." कूलर वॉर्डाच्या मधोमध लागला. त्यात पाणी भरायचं काम, अर्थातच, माझ्याकडे आलं. दोन दिवसांत पुरळ बसलं.

मागच्या दिवाळीत बाबू गेले. या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा वडिलांच्या आठवणीसाठी कूलर घेऊन आला. नवे बाबू मान वर न करता म्हणाले, "ठेवा तिकडं."

मी रांगेत होतो. राहवलं नाही. "मोठ्यानं, भाऊ!"

मुलगा दचकला. मग रांगेकडे वळला. नाव सांगितलं. वस्तू सांगितली. तिसऱ्या उत्तराला त्यानं फळ्याकडे पाहिलं.

"काम काही नाही," तो म्हणाला. "आमचं इथलं काम संपलं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नवे बाबू उठले आणि खडू शोधू लागले.