तिसरी पाकोळी

सगळा धक्का त्यांना रंगारीकाका म्हणायचा. बोटींवर नावं रंगवण्यात उभा जन्म गेला. सदरा मुळात कुठल्या रंगाचा, हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

फेरीबोटींच्या मालकांची एक रीत होती. जुनी बोट भंगारात गेली, की नवीला तिचंच नाव. म्हणायचे, "बोट मरते, नाव कशाला मारायचं?"

पहिली 'पाकोळी' आली तेव्हा काकांना नुकती मिसरूड फुटलेली. दोराने टांगलेल्या फळीवर बसून ते नाव रंगवत होते आणि वर दोर धरून उभा होता थोरला भाऊ, त्याच बोटीचा इंजिनवाला. सासुरवाडीची कसलीशी फजिती सांगताना तो आपणच आधी हसला, दोर हलला आणि 'को'ची मात्रा तिरकी गेली.

"राहू दे रे," भाऊ म्हणाला, "मासे कुठे वाचतात?"

वहिनी त्या बोटीने ऐटीत फिरायची. तिकीटवाला आला की म्हणायची, "आपलं माणूस आहे बोटीवर!"

एका वादळात ती बोट बुडाली. भाऊ आला नाही.

हे नाव आता नको, असं जो तो म्हणू लागला. मालक वहिनीला विचारायला गेले. डोळे पुसत ती म्हणाली, "नाव राहू द्या. पण लिहायचं आमच्या भाऊजींनी." दुसऱ्या पाकोळीवर काकांनी मात्रा मुद्दाम तिरकी काढली. त्यांना त्या मात्रेत भावाचं हसू दिसायचं. वहिनी त्या बोटीत कधी चढली नाही. संध्याकाळी खिडकीतून बघायची, "आली बाई," म्हणायची आणि मगच चहा टाकायची.

ती बोटही थकली, भंगारात गेली. तिसरी आली. अक्षरं यंत्राने कापून चिकटवलेली, पट्टीने आखल्यासारखी. पिकल्या केसांची वहिनी खिडकीशी डोळे बारीक करून उभी राहिली.

"ही कुणाची हो?"

"आपलीच. पाकोळी."

"नाही भाऊजी. ही नुसती त्या नावाची."

भाऊ दुसऱ्यांदा जातो की काय, असं वाटून काका तडक धक्क्यावर गेले. कारभार आता मालकांच्या मुलीकडे होता.

"पोरी, 'को'ची मात्रा तेवढी खरवड. मी रंगवतो."

"काका, हात बघा किती थरथरतोय!"

"मग बरंच की. चुकून सरळ यायची भीती नाही."

ती हसली. मात्रा तिने स्वतः खरवडली आणि काका चढले तेव्हा शिडीही तिनेच धरली.

संध्याकाळी पाकोळी धक्क्याला लागली. वहिनी बराच वेळ बघत राहिली. चहा टाकला नाही. कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या.

"चला भाऊजी, पलीकडे जाऊन येऊ."

काका खिशात सुट्टे पैसे चाचपू लागले, तशी तिने त्यांचा हात धरला.

"तिकीट कशाला? आपलं माणूस आहे बोटीवर."