धोतरवाले मास्तर

दिगंबर सहस्रबुद्धे कसब्यातल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. हौशी नाटकांत कामं करता करता सत्त्याऐंशी साली त्यांना एका विनोदी सिनेमात तीन मिनिटांची भूमिका मिळाली. मंत्र्याच्या सभेत एक गावकरी उठतो, "साहेब, पाणी कधी?" असं विचारतो आणि नेमकं तेव्हाच त्याचं धोतर सुटतं. लोक थिएटर डोक्यावर घ्यायचे. दिगंबरांना वाटायचं, हसता हसता आपण मंत्र्याला चांगलाच चिमटा काढला. लोक मंत्र्याला हसतात की गावकऱ्याला, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी धायरीत फ्लॅट घेतला. नळ होते, पाणी मात्र टँकरचं. महापालिकेची निवडणूक आली तशी शेजारच्या पद्मजाने एकशे चाळीस सह्यांचं निवेदन तयार केलं. आवाज खणखणीत, म्हणून वाचायचं दिगंबरांनी.

उमेदवार आप्पासाहेबांच्या सभेत ते उठले. "आमच्या भागात गेली चार वर्षं..."

"अरे, हे तर सिनेमातले धोतरवाले!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

आप्पासाहेब माइक घेऊन खाली उतरले. "मास्तर, तुमचा शीन अजून पाठ हाय आम्हाला. एकदा होऊन जाऊ द्या की!"

"मी पाण्याबद्दल विचारतोय."

"तेच म्हणा, तेच! साहेब, पाणी कधी?"

सगळा मंडप ती ओळ ओरडू लागला. दिगंबर कागद वाचत राहिले. ते जितके चिडले तितके लोक जास्त हसले. शेवटी आप्पासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातातला कागद अलगद काढून कार्यकर्त्याकडे दिला आणि रस्त्यांवर बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ घरोघरच्या मोबाइलवर होता. सिनेमातला तुकडा जोडलेला, खाली पक्षाचं चिन्ह. दिगंबर तडक प्रचार कार्यालयात गेले. "हे काढून टाका."

तिथल्या मुलीने आधी सेल्फी घेतला. मग म्हणाली, "काका, लोक एन्जॉय करतायत. यात अपमान कसला?"

आप्पासाहेब दणदणीत निवडून आले. टँकर येतच राहिले.

उन्हाळ्यात पद्मजा नवं निवेदन घेऊन दारोदार फिरत होती. दिगंबर दारात वाट बघत उभे होते. ती थबकली.

"काका, राग मानू नका. तुमचं नाव दिसलं की ते लोक वाचायच्या आधीच हसतात."

"म्हणजे सही नको?"

"नको."

ती समोरच्या दाराची बेल वाजवायला वळली. दिगंबरांनी पेनाला टोपण लावलं आणि दार ओढून घेतलं.