अप्पा मिस्त्री आणि डॉक्टरांची शर्यतीची गाडी

अप्पा मिस्त्री गेल्या माघातल्या एका सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास संतपूरच्या आपल्या गॅरेजात वारले. त्या वेळी ते एका ट्रॅक्टरचा क्लच उघडत होते. आधार कार्डावर त्यांचं वय बहात्तर होतं. ते स्वतः अठ्ठ्याहत्तर सांगत.

गाडीला काय झालंय, हे अप्पा कधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "चालवतंय कोण?" मी पहिल्यांदा स्कूटर घेऊन गेलो तेव्हा म्हणालो, मीच चालवतो. त्यांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि थेट क्लचची केबल काढायला घेतली. बिघाड तिथेच होता.

घरात ते कन्नड बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी आणि इंजिनाशी उर्दू. काम शिकले होते हैदराबादेत एका उस्तादाकडे, त्यामुळे "चल बेटा, उठ" असं म्हटल्याशिवाय त्यांच्या हातून चावी फिरत नसे. कुणी हसलं तर म्हणत, "हसायलास कामून? मराठीत सांगितलं की त्ये ऐकत न्हाई. करून बघितलंय."

उघडलेले नटबोल्ट इतर मिस्त्री डब्यात टाकतात. अप्पा ते तारेत ओवत. जो आधी निघाला तो तळाला, जो शेवटी निघाला तो वर. प्रत्येक गाडीची तार भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असे. जोडताना ते वरून एकेक उतरवत. त्यामुळे त्यांना काही लिहून ठेवावं लागत नसे.

खंडेनवमीला गॅरेजासमोर ट्रॅक्टर, जीप, मोटरसायकली पूजेसाठी रांगेत लागत. तिथे अप्पांचा एक नियम होता : बंद गाडीची पूजा नाही. एका वर्षी गावातल्या एका पुढाऱ्याची जीप चार जणांनी ढकलत आणून रांगेत लावली, हारही घातला. अप्पांनी हार काढून पुढाऱ्याच्या हातात दिला. "जे चालत न्हाई त्येला फुलं कामून? आधी चालू करू, मंग घालू." जीप दुपारी चालू झाली आणि हार संध्याकाळी चढला.

डॉक्टरांची गाडी त्यांच्याकडे आली ती तीन वर्षांपूर्वी. दोन जणांपुरती, बुटकी, बिनछताची इंग्रजी गाडी. बिदरच्या एका डॉक्टरांनी तरुणपणी ती दक्षिणेतल्या एका जुन्या विमानधावपट्टीवर शर्यतीत पळवली होती. पुढे ती संतपूरच्या त्यांच्या शेतात पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली. इंजिन जाम झालं, वायरी उंदरांनी खाल्ल्या, आणि सीटवर सोयाबीनची पोती आली. डॉक्टर वारल्यावर गाडी त्यांच्या मुलीकडे, मंगलाक्कांकडे आली. मंगलाक्का बिदरला कॉलेजात शिकवतात. हैदराबादचं एक गिऱ्हाईक गाडी मागत होतं. जुनं इंजिन काढून नवीन जपानी बसवणार, हे त्याने आधीच सांगितलं होतं.

मंगलाक्का अप्पांना म्हणाल्या, "खंडेनवमीपर्यंत बाबांचं इंजिन चालू झालं तर गाडी ठेवीन. नाही तर देऊन टाकते. शेडमध्ये सडताना बघवत नाही मला."

"इंजिन काढून फेकलं की उरतंय काय, अक्का? पत्रा. पत्रा तर भंगारवाला बी नेतो," अप्पा म्हणाले आणि त्याच दिवशी बॉनेट उघडलं.

गाडीतले नट इंची मापाचे. गॅरेजातला एकही पाना त्यांना बसेना. अप्पांनी ट्रॉलीच्या जुन्या कमानपाट्यांतून सहा पाने स्वतः घडवले. पिस्टन सुटावेत म्हणून सिलिंडरमध्ये तीन आठवडे डिझेल आणि रॉकेल भरून ठेवलं. रोज सकाळी ते क्रँक हाताने हलवून पाहत आणि चहाला जात. बाविसाव्या दिवशी तो बोटभर हलला. दारावरचा रंग खरवडताना खालून पांढरा गोल आणि त्यात शर्यतीचा सातचा आकडा निघाला. पेंटर त्यावर पुट्टी लावायला निघाला, तेव्हा अप्पांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे ते. डॉक्टरसाहेबांनी कमावलंय, आपुन कामून पुसायचं?"

खंडेनवमीला सहा दिवस राहिले असताना इंजिन सुरू झालं. मंगलाक्का समोर उभ्या होत्या. ते चार-पाच मिनिटं चाललं. मग बॉनेटखालून धूर आला. डायनामो जळाला होता, डायनामो आणि बॅटरीमधला कटआउटही गेला होता.

"संपलं का अप्पा?" मंगलाक्कांनी विचारलं.

 अप्पा भिंतीपाशी गेले आणि गाडीची तार काढून, चाचणीपुरती बॅटरी चिमट्याने जोडल्यामुळे तारेत उरलेले बोल्ट एकेक करून उजेडात धरू लागले. अगदी तळाच्या बोल्टवर तांबडा, म्हणजे प्लसचा, रंग होता. बॅटरीची पट्टी बॉडीला जोडणारा तो बोल्ट होता, सगळ्यांत आधी काढलेला. आपल्याकडच्या ट्रॅक्टर-जीपला बॉडीवर मायनस असतं. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांना प्लस असे. अप्पांनी सवयीने मायनस जोडलं होतं.

"ह्यो बोल्ट मला सांगायलाता, मी ऐकलं न्हाई," ते म्हणाले. "चूक माझी हाय अक्का, इंजिनाची न्हाई. त्येला शिक्षा करू नका."

"सहाच दिवस राहिलेत."

"व्हय. मला चार बास हायेत."

डायनामो आणि कटआउट पोत्यात बांधून ते त्याच दुपारी बसने कलबुर्गीला गेले. वायंडिंगवाल्याने आठ दिवसांचा वायदा केला. अप्पा त्याच्या दुकानात बाकावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी वायंडिंगवाला वैतागून म्हणाला, "घ्या, पण आता उठा." हे अप्पाच हसत सांगत.

खंडेनवमीला सकाळी हैदराबादचं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. रांगेत डॉक्टरांची गाडी नव्हती, ती आत होती. अप्पांनी प्लस बॉडीला जोडलं, मंगलाक्कांना सीटवर बसवलं आणि बॉनेटवर हात ठेवून उर्दूत दोन शब्द बोलले. इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू झालं. सगळे धुराची वाट पाहत उभे राहिले. वीस मिनिटांनी अप्पांनी हाताने खूण केली आणि मंगलाक्कांनी गाडी स्वतः चालवत रांगेत आणून लावली.

"चाचा, अब क्या बोलते?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"बोलायचं काय साहेब? पूजेला आलाव, परसाद घिऊन जावा."

टेम्पो रिकामा परत गेला. गाडी मंगलाक्कांकडेच राहिली. पुढची दोन वर्षं दर खंडेनवमीला त्या ती बिदरहून संतपूरला आणत, आणि अप्पा तिला हार घालण्याआधी इंजिन चालू करून दाखवायला लावत.

यंदाच्या खंडेनवमीला गॅरेज बंद होतं. मंगलाक्का दहाच्या सुमारास आल्या आणि गाडी कुलूप लावलेल्या शटरसमोर उभी केली. इंजिन काही वेळ चालू ठेवून बंद केलं, हार घातला. निघताना ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं.