थोरल्या दिरांशेजारची जागा

गेल्या वर्षी श्रावण सरता सरता आमच्या अक्का रोज सकाळी ओसरीवर मांडी घालून बसायचा सराव करू लागल्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सत्तरीला टेकलेल्या, जर्मनीच्या, हाडापेरानं माझ्या दीडपट. तीस वर्षं या घरात काढली, पण मांडी काही त्यांना जमली नाही. लग्नाच्या पंगतीत सगळे खाली आणि या कुणीतरी शोधून आणलेल्या स्टुलावर. आणि आता या वयात भिंतीला पाठ लावून, दातओठ खात, गुडघे दुमडायच्या. मी चिडले. "गुडघ्याची वाटी निसटली तर उचलणार कोण तुम्हाला? मला झेपणार हाय का?" तर म्हणाल्या, "तू तुझं काम बघ. मी माझं करायले."

मी लातूरच्या पेठेतली, किराणा दुकानदाराची लेक. लग्न होऊन देवणीजवळच्या या खेड्यात आले तेव्हा गायीच्या पुढून जावं की मागून, हेही ठाऊक नव्हतं. धार काढायला शिकवलं ते या बाईनं. त्यांचं माहेरही शेतकऱ्याचं, दूधदुभत्याचं. भूकंपानंतर मदतीला आलेल्या परदेशी माणसांत त्या होत्या. थोरले दीर कडब्याची ट्रॉली घेऊन त्या पडलेल्या गावांकडं गेले होते. त्यांनी सांगितलेलं आठवतं: मालक ढिगाऱ्याखाली, गायी तटतटलेल्या कासेनं हंबरत उभ्या, जिवंत माणसं मुडदे काढण्यात गुंतलेली. आणि एक गोरी बाई एकेका गायीखाली बसून दूध मातीत पिळून टाकत होती, रडत होती. दिरांनी कडबा तसाच ठेवला आणि शेजारच्या गायीखाली बसले. पुढं त्या दोघांच्या लग्नाला सासूबाई दीड वर्ष तयार नव्हत्या.

मूलबाळ झालं नाही. गावातल्या अडलेल्या बाईला जीपमध्ये घालून उदगीरला न्यायचं काम अक्कांनी आपण होऊन अंगावर घेतलं. दुसरं काम गेलेल्या बायांना आंघोळ घालायचं. एकटी राहणारी एक म्हातारी वारली, दोन दिवस कुणाला कळलं नाही, आणि कळल्यावर कुणी हात लावेना. अक्का बादली घेऊन गेल्या. तेव्हापासून कुठल्याही आळीत बाई गेली की निरोप आधी अक्कांना. "माणूस गेलं की तीन-चार तासांत अंग ताठायला लागतं, त्याच्या आत काय ते करून घ्यावं," हे त्यांनीच मला सांगितलं. मी दारातून पाणी तेवढं पुढं करायची. आत जायची माझी छाती नव्हती.

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्याला जाळत नाहीत आणि झोपवतही नाहीत. आपल्याच शेतात खड्डा घेऊन त्यात मांडी घालून बसवतात, गळ्यातल्या लिंगासकट. सहा वर्षांपूर्वी थोरले दीर गेले, त्यांना विहिरीच्या वरच्या अंगाला बसवलं. गेल्या दिवाळीनंतर अक्का मला तिथं घेऊन गेल्या. हरभरा नुकता उगवला होता. दिरांच्या समाधीशेजारी त्यांनी चार काटक्या रोवल्या होत्या.

"ही माझी जागा," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हणला, काळीज दमलंय, लई दिवस न्हाईत. मला यांच्याजवळ बसवा. झोपवू नका. आता येतंय मला."

मी बांधावर बसले आणि तोंडाला पदर लावून रडले. त्यांच्यासाठी रडले हे खरं, पण भीतीनंही रडले. कारण अक्कांच्या गळ्यात लिंग नव्हतं, आणि ते नसण्याला मी कारण होते.

माझ्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट. आमच्या मठाचे स्वामी घरी आले असताना अक्कांनी दीक्षा घेऊन गळ्यात बांधायला लिंग मागितलं. स्वामी तयार झाले, फक्त म्हणाले, गळ्यातला क्रूस उतरवा. अक्का म्हणाल्या, "तो आईचा हाय. दोन्ही ठेवते." स्वामी विचारात पडले. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा अक्कांना बघून माझा जळफळाट व्हायचा. गावभर त्यांचं कौतुक, आणि मी लिंगायताच्या पोटची असून घरात दुय्यम. मी म्हणाले, "देव म्हंजे काय बांगड्या हायत, दोन-दोन घालायला?" सासूबाई हसल्या, स्वामी हसले, विषय तिथंच संपला. अक्कांनी पुन्हा कधी मागितलं नाही.

आता मी स्वामींकडं आणि भाऊकीकडं हेलपाटे घालू लागले. आमचे चुलत सासरे म्हणाले, "बाई देवमाणूस, त्यात वाद न्हाई. पर लिंग न्हाई तर बसवायचं कसं? बांधाच्या कडंला झोपवू की, आदरानं." माझं डोकंच फिरलं. ज्या हातांनी यांच्या आयाबहिणींना शेवटची आंघोळ घातली, त्या हातांना यांच्या ओळीत जागा नाही! स्वामी म्हणाले, संक्रांत होऊ द्या, मग बसून ठरवू. अक्का रोज विचारायच्या, "काय म्हणाले?" एक दिवस मी सांगून टाकलं, "सगळे हो म्हणाले." त्यांनी माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

संक्रांतीच्या आधीच एका सकाळी, न्याहारीच्या वेळेला, अक्का गेल्या.

भाऊकी अंगणात जमली. चहा झाला आणि बोलणं सुरू झालं. कुणी म्हणे बांधाला झोपवा, कुणी म्हणे लातूरला त्यांच्या धर्माची जागा असंल, तिथं विचारा. माझे मालक नुसते रडत होते. अकरा वाजले. मी आत जाऊन अक्कांच्या मानेला हात लावला. मान आखडायला लागली होती. पाय अजून मऊ होते.

मी दार लोटलं आणि आतून कडी घातली. आत पाच-सहा बाया होत्या, वेगवेगळ्या आळ्यांतल्या. पाणी तापवलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला हात लावला. आंघोळ घातली, इरकल नेसवलं, भिंतीला पाठ लावून बसवलं आणि पाय दुमडून मांडी घातली. गुडघ्यांना आणि कमरेला धोतराच्या पट्ट्या बांधल्या. एका खांद्याला मी धरलं, दुसऱ्या खांद्याला जिच्या आईला अक्कांनी आंघोळ घातली होती ती. बाहेरून कडी वाजायची, "किती वेळ?" मी ओरडायची, "बायांचं काम हाय, थांबा जरा!" हात भरून आले की बाया आळीपाळीनं धरायच्या. असं करत आम्ही दुपार कलती केली.

शेवटी चुलत सासरे दाराशी येऊन म्हणाले, "ठरलं. बांधाला झोपवायचं."

मी पट्ट्या सोडल्या आणि कडी काढली. अक्का कुणीही न धरता ताठ बसल्या होत्या. मी म्हणाले, "आता झोपवून दावा."

पाय मोडल्याशिवाय सरळ होणार नव्हते, आणि अक्कांचे पाय मोडेल असा माणूस त्या अंगणात नव्हता. चुलत सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली.  मग मागं वळून म्हणाले, "कुदळी घ्या. विहिरीकडं चला."

दिरांशेजारीच बसवलं. स्वामींनी विभूती लावली, बेल वाहिला. लिंगाशी आल्यावर ते थांबले. दीक्षा जिवंतपणीच द्यायची असते. त्यांनी नुसते हात जोडले आणि माती लोटायला सांगितलं.

गावात बाया अजून त्या दिवसाचं सांगतात, माझ्या धाडसाचं कौतुक करतात. मी ऐकून घेते. अक्कांच्या गळ्यात लिंग का नव्हतं, हे मात्र मला कुणी विचारत नाही, आणि मीही अजून कुणाला सांगितलेलं नाही.