चौक–कर्जत रस्ता, कलमांची नर्सरी आणि एकाच छातीचे दोन फोटो

इर्शाळगडाला जाणाऱ्यांनी चौकपर्यंत माझा मार्ग वापरायला हरकत नाही. तिथून मी डावीकडे कर्जतच्या रस्त्याला लागले, ते कामासाठी. हातात उचलून नेता येणारी एक्स-रे मशीन तपासून देणं ही माझी नोकरी. कंपनीच्या खोलीत ती नीट चालतात हे मला माहीत होतं. शेतावर कशी चालतात ते बघायचं होतं. कर्जतच्या आरोग्यसेविका नयनाताई एका नर्सरीतल्या मजुरांची टीबी तपासणी करणार होत्या. मी लगेच हो म्हटलं.

पनवेलहून स्कूटरने जुन्या हायवेने सकाळी लवकर निघा, ट्रक कमी लागतात. थंडीत धुकं असतं, पण चौकच्या अलीकडे ते विरलं आणि इर्शाळगडाचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, स्पष्ट दिसलं. भातकापणीनंतर शेतांत वाल पेरलेला. पेट्रोल आणि नाश्ता धरून दोन-तीनशे रुपयांत काम होतं.

नर्सरीत आंब्या-चिकूची कलमं बांधतात. कलम जगावं म्हणून शेड प्लॅस्टिकने बंद, आत दमट हवा, बायका खांद्याला खांदा लावून बसलेल्या. मागे त्यांच्या राहायच्या खोल्या. नयनाताईंनी मालकांना तयार केलं होतं: तपासणी इथेच, गोळ्या इथेच, दवाखान्यात गेलं तरी हजेरी लागणार. बायकांचा यावर पूर्ण विश्वास नव्हता. शेजारच्या एका फार्महाऊसवर खोकणाऱ्या बाईला खोली रिकामी करायला लावली होती, ते त्यांनी पाहिलं होतं.

फोटोत धातू येऊ नये म्हणून मी मंगळसूत्र काढायला सांगितलं. कोणी हलेना. शेवटी रखमा नावाच्या बाईने ते वर ओढून दातांत धरलं.

"आता मला बोलाया लावू नको गं," ती दातांतूनच म्हणाली. मागच्या सगळ्या हसल्या आणि तसंच करू लागल्या. काम भराभर झालं.

संध्याकाळी भिसेगावला नयनाताईंच्या घरी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाऊन मी फोटोंचा दर्जा तपासायला बसले. माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, हाडं राहतात. रखमाचं डावं कॉलरबोन कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं होतं. सुगंधा नावाच्या बाईचंही तसंच, त्याच जागी, त्याच कोनात.

"त्या दोघी कोण?" मी विचारलं.

"जावा. एका खोलीत राहतात." नयनाताई स्क्रीनकडे बघत राहिल्या. "सुगंधाचा खोकला मी दिवाळीपासून ऐकतेय. तिच्यासाठीच तर तपासणीला ही नर्सरी निवडली. सगळ्यांसमोर विचारलं तर दोघी उद्या सामान बांधतील."

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, "मशीनने एक फोटो बिघडवलाय. सुगंधाबाईंचा परत काढायचाय."

"काल तं लय भारी मशीन हाय म्हनत हुतीस," रखमा म्हणाली. "बिघडली कशी गं?"

"धूळ गेली."

त्या मशीनमध्ये धूळ जात नाही. ती चाचणी मीच घेतली होती.

पडद्याआड पुन्हा रखमाच आली; वाकड्या कॉलरबोनवरून मी ओळखलं. मी हळू आवाजात म्हटलं, "तुमचा चांगला आलाय. दोन्ही वेळा."

तिचा चेहरा उतरला. बाहेर वाकून तिने हाक मारली, "सुगंधा, ये गं. हिला कळलंय."

सुगंधा आली, पण मशीनसमोर उभी राहिली नाही. "काय निघालं तं खोली जाईल का?"

मला माहीत नव्हतं, तसंच मी सांगितलं. नयनाताईंनी मालकांना आत बोलावलं आणि तिला तोच प्रश्न विचारायला लावला. मालकांनी एकदा शेडकडे पाहिलं.

"निघालं तं शेडमदी नको बसू. भायेर रोपांना पानी घाल. हजेरी तीच, खोली तुजीच."

"आन् कुनी इचारलं, भायेर का काढलं म्हून?"

"मी काढलं म्हनून सांग. मालक हाय ना मी!"

मग तिने मंगळसूत्र दातांत धरलं. फोटोत उजवीकडे वर पांढुरका डाग होता. तेवढ्यावरून टीबी ठरत नाही. थुंकीचा नमुना नयनाताई घेऊन गेल्या. मी वालाच्या शेंगा विकत घेतल्या आणि आल्या रस्त्याने परतले.

ही नावं खरी नाहीत. बाकीचं लिहायला दोघींनी परवानगी दिली आहे. टीबी निघाला. सुगंधाचं औषध सुरू झालंय, काम बाहेर आहे, खोली तिचीच आहे. एकाच खोलीत राहते म्हणून तपासून रखमालाही आजार टाळायच्या गोळ्या दिल्यात. न्याहारीनंतर दोघी उघड्यावर, सगळ्यांसमोर, एकदमच गोळ्या घेतात. आजारी कोण, ते नव्या मजुरांना कळत नाही, असं नयनाताई म्हणतात.

मशीन वाऱ्याधुळीत उत्तम चालतं, हे मला नक्की कळलं. काल फोनवर नयनाताईंच्या मागून रखमाचा आवाज आला, "इचारा तिला, मशीन नीट झाली का?"

"झाली म्हणून सांगा," मी म्हटलं.